आपत्तीचे इशारे, ११२ आणि सरकारी मदत: डोंगरावरच्या मांगरात या सेवा किती कामाच्या?

फोनवर येणारे सरकारी इशारे, ११२ आणि १०७७ सारखे क्रमांक आणि संकट ओसरल्यावर मिळणारी भरपाई ही मिळून एकच सेवा आहे असं धरून हे परीक्षण लिहिलं आहे. कसोटी पणजीतल्या किंवा मडगावातल्या घराची नाही. गोव्यातल्या सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या तालुक्यांतला काजूच्या डोंगरावरचा मांगर (बागायतीतली राहायची खोप) आणि व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेचं कुळागर (पोफळींची बाग) ही इथली कसोटी. बेळगाव, हावेरी, विजापूर, झारखंड, ओडिशा किंवा नेपाळहून आलेला मजूर तिथे हंगामभर राहतो. बहुतेकांकडे आधार असतं, पण गावाकडच्या पत्त्याचं. भाडेकरार नाही, हजेरीपट नाही, इथलं रेशनकार्ड नाही, मजुरी रोख हातात. कामाला कोणी ठेवलं, किती दिवसांसाठी, राहतो कुठे, यातलं काहीच कागदावर नसतं. कागदाच्या दृष्टीने तो त्या डोंगरावर नाहीच.

निकाल आधीच सांगतो. इशारा देण्याचं काम ही सेवा चांगलं करते. हाकेला येण्याचं काम बरं करते, पण आधी तयारी असेल तर. भरपाईत मात्र हा मजूर जवळजवळ बाहेरच राहतो. त्याचा दोष पूर्णपणे नियमांवर टाकता येत नाही. पुष्कळ वेळा अडतं ते बागायतदाराने कधीच न लिहिलेल्या वहीपाशी.

मजूर डोंगरावर कधी असतो?

काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारीअखेर ते मे. नेमक्या याच दिवसांत गवत वाळलेलं असतं, झाडाखाली घोटाभर पाचोळा असतो, आणि बिया वेचायला जागा मोकळी व्हावी म्हणून तो पेटवण्याची सवय अजून गेलेली नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्य आणि आजूबाजूचे डोंगर पेटले तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती. एप्रिल-मेत वळिवाबरोबर विजा येतात. मे-जून हा चक्रीवादळांचा काळ. १५ आणि १६ मे २०२१ ला तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा झाडं वीजवाहिन्यांवर पडून गावंच्या गावं अंधारात गेली होती.

पाऊस लागला की मजूर आपल्या गावी जातात असा समज आहे. तो काजूपुरता खरा आहे, कुळागराला लागू नाही. कोळेरोगासाठी (सुपारी कुजवणाऱ्या रोगासाठी) पोफळींवर बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर होते आणि दुसरी साधारण ४० ते ४५ दिवसांनी, म्हणजे ऐन पावसाळ्यात. फवारणारा माणूस पोफळीच्या शेंड्याला असतो आणि त्याचा मुक्काम व्हाळापासून हाकेच्या अंतरावर. २३ जुलै २०२१ ला सत्तरी, डिचोलीत पाणी चढलं ते याच काळात. काणकोणचा पूर २ ऑक्टोबर २००९ चा, पावसाळा सरला असं सगळे समजत असताना आलेला. तेव्हा धोका आहे पण बागायतीत माणसं नाहीत, असा महिना वेगळा काढता येत नाही.

इशारा: सेवेचा सर्वात चांगला भाग

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ हे ॲप सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेने बनवलं आहे. ते फुकट आहे, नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा मागत नाही आणि अनेक भारतीय भाषांत चालतं. या मजुराच्या दृष्टीने हा फार मोठा गुण आहे. ज्या यंत्रणेला त्याचं नाव, गाव, मालक काहीही जाणून घ्यायचं नाही अशी ही एकच पायरी. ॲप घालून दिल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात. लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ अशी द्यावी. ‘ॲप वापरताना’ एवढीच ठेवली तर फोन उशाशी पडलेला असताना तिचा उपयोग नाही. बॅटरी वाचवण्याच्या यादीतून ॲप बाहेर काढावं, नाहीतर स्वस्तातले फोन रात्री ते बंद करून टाकतात. आणि भाषा त्या माणसाची ठेवावी, आपली नव्हे. हावेरीच्या मजुराला कन्नड, ओडिशाच्या मजुराला ओडिया. वाचता येत नसेल तर अँड्रॉइडच्या ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये मजकूर वाचून दाखवण्याची सोय असते, ती सुरू करून एकदा वापरून दाखवावी.

पण अर्ध्या मांगरांत साधा बटणांचा फोनच असतो. तिथे एसएमएसवर भिस्त. हे एसएमएस धोक्याच्या भागात त्या वेळी असलेल्या फोनवर जातात, सिम कर्नाटकाचं असो वा झारखंडचं. कल्पना उत्तम आहे, अडचणी फोनच्या बाजूच्या. रिचार्ज संपून बरेच दिवस झाले की येणारे एसएमएसही बंद होतात. काजू संपत आला आणि पैसे घरी पाठवून झाले की रिचार्ज संपतो, आणि तेच वादळाचे दिवस असतात. दुसरी अडचण साठ्याची. बटणांच्या फोनमध्ये मोजकेच एसएमएस मावतात आणि जाहिरातींनी पेटी भरली की नवा निरोप आत येत नाही. दर रविवारी पेटी रिकामी करणं हे खरोखर आपत्ती व्यवस्थापनाचं काम आहे.

सेल ब्रॉडकास्ट ही तिसरी वाट. २०२३ मध्ये देशभर तिच्या चाचण्या झाल्या आणि अनेकांचे फोन अचानक मोठ्याने वाजले, ते हेच. टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर संदेश एकदम जातो, नंबरांची यादी लागत नाही. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ आणि त्यात ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स’ चालू आहे का ते बघावं. चाचणीच्या वेळी आवाजाला घाबरून पुष्कळांनी ते बंद केलं होतं.

आकाशातल्या विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप वेगळं घालावं लागतं. २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजा ते दाखवतं. पोफळीवर चढणाऱ्याच्या खिशात फोन नसतो, म्हणून खाली असलेल्या माणसाने ते बघायचं. फोन नसेल तर कान पुरतो: लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. सगळ्यांनी खाली उतरायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत चढायचं नाही. पत्र्याचा उघडा मांगर म्हणजे आसरा नव्हे. बागायतीत जीप किंवा टेम्पो असेल तर काचा लावून त्यात बसणं कितीतरी चांगलं.

या भागातला खरा दोष इशाऱ्याच्या आवाक्याचा आहे. हवामान खात्याचा रंग जिल्ह्याला मिळतो. उत्तर गोव्यात किनाऱ्यावरचं कळंगुटही आलं आणि घाटातलं सुर्लाही. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे जोरदार, ११५.६ च्या वर अति जोरदार, २०४.५ च्या वर अत्यंत जोरदार. साधारणपणे यलो, ऑरेंज आणि रेड हे रंग याच चढत्या क्रमाने येतात. डोंगरात दोन तास धो धो पडला तरी व्हाळ भरतो, जिल्ह्याचा आकडा मात्र दिवसाचा असतो. म्हणून व्हाळाच्या कडेच्या मुक्कामासाठी नियम कडक ठेवावा: ऑरेंज आला की संध्याकाळी सहाच्या आत माणसं वर किंवा गावात हलवायची, रेडची वाट बघायची नाही. घोट्याच्या वर चढलेलं, वीतभरही नसलेलं वेगवान पाणी माणसाला पाडतं. दोन फुटांचं पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. अंधारात व्हाळ ओलांडून सुटका करून घेण्याचा बेत बेतच नव्हे.

धरणाचं पाणी हा आणखी वेगळा विषय. अंजुणे भरलं की वाळवंटी चढते, आणि त्याच वेळी भरती असेल तर पाणी ओसरायला जागा राहत नाही. तिळारी धरण महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यात आहे, पण त्याचा विसर्ग वाढला की फटका गोव्यातल्या इब्रामपूर, हणखणे, साळ, मेणकुरे या गावांना. विसर्गाच्या सूचना पंचायतीपर्यंत येतात, तिथून वाड्यावर. नदीकाठच्या मळ्यात भाजी लावणारा परप्रांतीय कुटुंबासह राहत असेल तर वाड्यावरचं हे तोंडी जाळं त्याच्यापर्यंत पोचत नाही, कारण त्याला कोणी धरतच नाही. पंचाच्या (पंचायत सदस्याच्या) व्हॉट्सॲप गटात त्या मळ्यातला एक नंबर घालणं, यापलीकडे इथे तंत्रज्ञान लागत नाही.

हाक मारायची कोणाला?

११२ वर पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका एकत्र आहेत. क्रमांक पाठ व्हायला सोपा, रिचार्ज संपला तरी लागतो. तरीही हा मजूर ११२ लावायला कचरतो. त्याच्या मनात ११२ म्हणजे पोलीस, आणि पोलीस म्हणजे भाडेकरू पडताळणीचा अर्ज भरला आहे का हा प्रश्न. अर्ज भरणं घरमालकाचं काम असतं, पण भीती मजुराला वाटते. म्हणून आगीसाठी थेट १०१ आणि दुखापतीसाठी, सर्पदंशासाठी थेट १०८ हे दोन क्रमांक त्याला वेगळे शिकवावेत. ते लावताना तो मागेपुढे पाहत नाही. १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा, १०७० राज्याचा. पूर येण्याआधी माहिती द्यायला किंवा विचारायला हे बरे. एखाद्या रात्री असे छोटे क्रमांक लागत नाहीत, म्हणून मामलेदार कार्यालयाचा आणि जवळच्या अग्निशमन केंद्राचा लँडलाइन क्रमांक मांगराच्या दारावर रंगवलेला असावा. वाळपई, डिचोली, फोंडा, कुडचडे, काणकोण, पेडणे या ठिकाणी केंद्रं आहेत. आपल्याला जवळचं कोणतं ते आधी ठरवून ठेवा.

फोन लागल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘कुठून बोलताय?’ काजूच्या डोंगराला घरक्रमांक नसतो. नवखा मजूर मालकाचं नाव सांगतो, तेही अर्धं. बागायतदार सर्व्हे नंबर सांगतो. सर्व्हे नंबर एक-चौदाच्या उताऱ्यासाठी आणि नंतरच्या पंचनाम्यासाठी उपयोगाचा, रात्री बंब चालवणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. त्याला अक्षांश-रेखांश हवेत, आणि डांबरी रस्ता कुठे सोडायचा ते हवं. गुगल मॅप्सवर मांगरावर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात. गोव्यात पहिला साधारण १५ ने किंवा १४ ने सुरू होतो, दुसरा ७३ ने किंवा ७४ ने. दशांशानंतर चार आकडे घेतले तरी चूक दहा-बारा मीटरचीच राहते. ते आकडे, ‘अमुक देवळाकडून आत, गाडी तमुक फणसापर्यंत येते’ अशी एक ओळ आणि मालकाचा फोन पत्र्याच्या पाटीवर ऑइल पेंटने देवनागरीत, आणि मजुराला वाचता येत असेल त्या लिपीत लिहून दाराला ठोकावं. कागद चिकटवू नका, एका पावसात जातो. अभयारण्याच्या कडेच्या गावांत रेंजच नसते. तिथे रेंज नक्की कुठल्या खडकावर, कुठल्या वळणावर मिळते ते त्याच पाटीवर लिहा आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी तिथवर चालवून आणा.

बंब येईपर्यंतचा वेळ मजुराचा स्वतःचा. आग चढावर झपाट्याने वाढते. उतार दर १० अंशांनी वाढला की तिचा वेग जवळपास दुप्पट होतो असं धरतात. म्हणून आगीच्या वर पळायचं नाही. बाजूला आणि खाली उतरायचं, किंवा आधीच जळून काळ्या झालेल्या जागेत शिरायचं. मांगराभोवती निदान तीन-चार मीटर जमीन फेब्रुवारीतच मातीपर्यंत खरवडलेली हवी. छपरावर पाचोळा नको, सिलिंडर मागच्या दाराशी नको, आणि पाण्याने भरलेलं २०० लिटरचं पिंप फक्त याच कामासाठी हवं. कोयता, फावडं आणि ओल्या गोणपाटांनी कडेची गवताची आग आटोक्यात येते. झाडाच्या शेंड्यापर्यंत गेलेल्या आगीशी मजुराने झुंजू नये, आणि बागायतदाराने तशी अपेक्षाही ठेवू नये.

धुराबद्दल इथे कोणी बोलतच नाही. कॅलिफोर्नियात डिसेंबर २०१७ मध्ये थॉमस आग लागली तेव्हा व्हेंचुरा काउंटीच्या शेतांत मजूर त्या धुरात काम करत होते. त्यांतले अनेक मेक्सिकोतून आलेले, कागद नसलेले, आणि स्पॅनिशही नव्हे तर मिश्तेक भाषा बोलणारे. सरकारी इशारे त्यांच्या भाषेत नव्हते. ती उणीव मजुरांच्याच संघटनेच्या ‘रेडिओ इंदिहेना’ने भरून काढली. राज्याच्या लेखापरीक्षकाने २०१९ मध्ये त्या काउंटीसह तीन काउंट्यांच्या तयारीवर बोट ठेवलं. त्याच वर्षी तिथे नियम आला की हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक १५१ किंवा त्याहून वर गेला तर मालकाने मजुरांना एन-९५ मास्क पुरवावेत. तिकडे कागद नसणं म्हणजे देशात राहण्याचा परवाना नसणं, आणि त्यामुळे संघराज्याची रोख मदतही नाही. इथला मजूर बहुतेक भारताचाच नागरिक आहे, त्याचा हक्क शाबूत आहे. त्याच्याकडे नाही ते फक्त ‘मी इथे होतो’ हे सांगणारं कागदाचं चिटोरं. आणि मास्क आपल्याकडेही महाग नाहीत. ओला रुमाल धुरातले बारीक कण अडवत नाही.

आसरा आणि शिधा

निवारा म्हणून शाळा किंवा पंचायतीचं सभागृह उघडतात. तिथे जाण्यासाठी ओळखपत्राची अट कायद्यात नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ बाधित ‘व्यक्तीं’बद्दल बोलतो, रहिवाशांबद्दल नव्हे. कलम १२ मध्ये निवारा, अन्न, पिण्याचं पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता यांचे किमान निकष ठरवायला सांगितलं आहे. कलम ६१ मदतीत लिंग, जात, समाज, वंश, धर्म यांवरून भेदभाव करायला बंदी घालतं. ‘कुठला आहेस’ यावरून होणारा भेदभाव त्या यादीत लिहिलेला नाही, आणि प्रत्यक्षात नेमका तोच होतो. ‘आधी आपली माणसं’ असं म्हणणाऱ्याला वाईट म्हणायचं कारण नाही, पण कायदा तसं म्हणत नाही, हे पंच आणि स्वयंसेवक दोघांना माहीत हवं.

रेशन पोर्टेबिलिटीला आम्ही या भागात सगळ्यांत वरचा गुण देऊ. अन्नसुरक्षा कायद्याखालचं कार्ड कर्नाटकाचं असलं तरी धान्य गोव्यातल्या स्वस्त धान्य दुकानात मिळतं. प्रतिव्यक्ती महिना ५ किलो, आणि १ जानेवारी २०२३ पासून मोफत. कुटुंबाने काही गावी आणि काही इथे घेतलेलं चालतं. त्या त्या राज्याची वाढीव योजना मात्र सरहद्द ओलांडत नाही. अडतं ते अंगठ्यावर. बोर्डो मिश्रणातला चुना आणि मोरचूद हाताळून, काजूच्या टरफलाच्या तेलाने भाजून बोटांचे ठसे पुसट होतात आणि मशीन नकार देतं. डोळ्याच्या स्कॅनचा किंवा ओटीपीचा पर्याय आहे का ते विचारावं, आणि ओटीपीसाठी आधारला सध्या वापरात असलेला नंबर जोडलेला हवा. हे सगळं मे महिन्यात एकदा करून बघावं. वीज आणि रेंज गेल्यावर शिकण्याची ही गोष्ट नाही. तक्रारीचा क्रमांक १४४४५. नेपाळहून आलेल्या मजुराला ही सोय नाही. त्याला इथे राहायला व्हिसा लागत नाही, पण कार्डही नसतं. त्याच्या पंधरा दिवसांच्या तांदळाची जबाबदारी मालकाने घ्यावी.

दवाखान्याबाबत थोडक्यात: गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, तेव्हा तिचा विचार सोडा. गावाकडचं आयुष्मान कार्ड असेल तर ते योजनेत असलेल्या रुग्णालयांत देशभर चालतं. फोनमध्ये त्याचा फोटो असू द्या.

भरपाई: सर्वात दुबळा भाग

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे निकष असे. मृत्यू झाला तर वारसाला ४ लाख रुपये. ६० टक्क्यांवर अपंगत्व आलं तर अडीच लाख, ४० ते ६० टक्के असेल तर ७४,०००. गंभीर दुखापतीने आठवड्याहून जास्त रुग्णालयात राहावं लागलं तर १६,०००, कमी असेल तर ५,४००. घर वाहून गेलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली राहिलं तर कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० आणि भांडीकुंडी-सामानासाठी २,५००. झोपडीसाठी ८,०००.

यातल्या झोपडीच्या व्याख्येत गवत, माती आणि चक्क प्लास्टिकचे कागदही आहेत. म्हणजे ताडपत्रीचा निवारा निकषांना माहीत आहे. पण बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला लागतो आणि ती झोपडी म्हणून प्रशासनाच्या ओळखीची असावी लागते. बागायतीतला मांगर मालकाच्या जमिनीत, मालकाने उभारलेला, कुठेच न नोंदवलेला. मालक त्याच्यासाठी अर्ज करत नाही, मजुराला करता येत नाही. काजू जळाला तर कृषी कार्ड असलेला शेतकरी नुकसानीसाठी जाऊ शकतो. जळालेल्या हंगामातली उरलेल्या महिन्याची मजुरी बुडाली, तिच्यासाठी कुठलंच खातं नाही.

मृत्यूच्या ४ लाखांना गोव्याचा रहिवासी असण्याची अट नाही. मृत्यूचं कारण सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित करायला हवं आणि वारस सिद्ध व्हायला हवा. इथेच घात होतो. मुकादमाला मजुराचं नाव ‘बसू’ एवढंच माहीत असतं. पाण्यात वाहून गेलेला माणूस त्या रात्री त्या मांगरात होता हे सांगणारा कागद नाही, आणि देह मिळालाच नाही तर सर्वसाधारण कायद्याने मृत्यू गृहीत धरायला सात वर्षं लागतात. गावाकडची माणसं येईपर्यंत पंचनामा आटोपलेला असतो. म्हणून नुकसान झालं त्याच दिवशी, काही आवरायच्या आधी, पाटी दिसेल असे फोटो काढा, तलाठ्याला आणि पंचाला कळवा, आणि पंचनाम्यात मजुराचं आधारवरचं पूर्ण नाव येतंय का ते उभं राहून बघा.

त्यापेक्षा भरवशाची गोष्ट २० रुपयांत मिळते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख. पूर, भूकंप अशा नैसर्गिक आपत्तीतला मृत्यू यात धरला जातो. सर्पदंश किंवा झाडावरून पडणं अशा प्रसंगी रुग्णालयाची तात्काळ झालेली नोंद पुरावा म्हणून चालते, म्हणून १०८ ला न बोलावता परस्पर घरी नेऊ नये. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे. हप्ता खात्यातून आपोआप कापतात, आणि इथेच तो तुटतो: मेअखेर काजू संपतो, मजूर सगळे पैसे घरी धाडतो, खात्यात २० रुपयेही उरत नाहीत, आणि पावसाळा सुरू होतो त्याच दिवशी विमा संपलेला असतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात खात्यात शंभर रुपये ठेवायला लावणं हे बागायतदाराला सहज जमण्याजोगं आहे. वारसाचं नाव भरलं आहे का तेही तेव्हाच बघावं. दावा शक्यतो ३० दिवसांत करावा.

ई-श्रम कार्डाबद्दल गैरसमज फार. २६ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालेलं ते नोंदणी पोर्टल आहे, १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांसाठी. १२ आकडी क्रमांक मिळतो. कार्ड दाखवलं की आपत्तीची मदत हातात पडते असं नाही. तरी ते काढावं, कारण त्यात मूळ पत्ता आणि सध्याचा पत्ता वेगळे लिहिता येतात. सरकारी नोंदीत गोव्यातल्या गावाचं नाव या मजुराच्या नावापुढे येऊ शकेल अशी ही मोजक्या जागांपैकी एक. नोंदणी मोफत आहे, मदत क्रमांक १४४३४.

वही

बागायतदार नावं का लिहीत नाही? आळस हे एक कारण. दुसरं कारण खास इथलं आहे: कूळ कायदा आणि मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) कायदा. माणूस आपल्या जमिनीत राहतो असं कुठे लिहून दिलं की उद्या तो हक्क सांगेल, ही भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) मनातली जुनी भीती. आमच्या मते ही भीती उलटी आहे. मजुरीची रक्कम, तारीख आणि सही असलेली वही हा माणूस पगारी मजूर असल्याचा पुरावा ठरते. नोंद नसलेला, वर्षानुवर्षं राहिलेला माणूसच नंतर वादाचा विषय होतो. स्थलांतरित मजुरांच्या कायद्यावरही विसंबता येत नाही. १९७९ च्या कायद्याला पाच मजूर लागत, नव्या संहितेत दहा लागतात, आणि बागायतीत असतात तीन किंवा चार.

तेव्हा शंभर पानी वही घ्या. एका माणसाला एक पान. आधारवरचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव आणि तालुका, घरच्या माणसाचा फोन, बोलायची भाषा, आला ती तारीख, कुठल्या मांगरात झोपतो, बरोबर बायको-मुलं असतील तर त्यांची नावं आणि वयं. मुलं हटकून विसरली जातात. आधारचे शेवटचे चार आकडे पुरेत, पूर्ण क्रमांक लिहू नका. खाली मजुरीच्या तारखा, रक्कम, सही किंवा अंगठा. उचल दिली म्हणून आधार कार्ड मुकादमाने आपल्याकडे अडकवून ठेवायचं नाही. ते मजुराच्याच पिशवीत, जाड प्लास्टिकमध्ये, आणि त्याची डिजिटल प्रत डिजिलॉकरमध्ये. आठवड्याच्या मजुरीच्या दिवशी पानांचे फोटो काढून घरच्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर पाठवा, म्हणजे मांगराबरोबर वही जळाली तरी नोंद राहते. जून ते सप्टेंबर, ऑरेंजच्या रात्री, आज कोण कुठे झोपणार आहे एवढं एका ओळीत लिहून ती ओळ पंचालाही पाठवा.